फ्लोटचा घातांक काढताना काय काय झालं? अनुभव लिहा

रातराणी
लेकीची सेकंड इयरची असाइनमेंट: फ्लोटमधून (32 बिटांची दशांश संख्या, आत 1.काहीतरी गुणिले 2 चा घात अशी ठेवलेली) तो 2 चा घातांक बाहेर काढा. काल तिच्या शेजारी बसले आणि थेट 1998 च्या लॅबमध्ये पोचले. टर्बो सी, तेव्हाचा सी भाषेचा कंपायलर. फ्लोटचा मेमरीतला पत्ता इंट पॉइंटरमध्ये घातला, म्हणजे तेच बिट पूर्णांक (इंट) म्हणून वाचले, आणि घातांकाखालचे 23 बिट काढायला 23 घरं उजवीकडे सरकवलं. 8.0 दिलं, 16.0 दिलं, उत्तर शून्यच. दोन प्रॅक्टिकलं त्यात गेली. मग उमगलं, तिथला इंट 16 बिटांचा! मी फ्लोटचा खालचा अर्धाच वाचत होते, घातांक वरच्या अर्ध्यात. लाँग (32 बिटांचा पूर्णांक) केल्यावर 8.0 ला 130 आलं, वजा 127 (घातांक 127 मिळवून साठवतात), 3. तो आनंद अजून आठवतो. तुमचंही लिहा ना.

बिनसाखर
फ्रेक्सप!! घातांक देणारं सीचं तयार फंक्शन. 8 ला 4 सांगतं ते, कारण 0.5 गुणिले 2 चा चौथा घात असं फोडतं. आयलॉगबी, तसंच दुसरं फंक्शन, सांगतं 3. आमच्या एका फाइलीत हे, दुसरीत ते. आठवडा गेला शोधण्यात.

कोकणकडा
ताई, पॉइंटर कास्ट (फ्लोटचा पत्ता इंटचा म्हणून वापरणं) तिला नका शिकवू. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) लावलं की कंपायलर धरून चालतो की इंट पॉइंटर फ्लोटकडे बघणारच नाही. आमचं डीबगमध्ये चालायचं, रिलीजमध्ये कचरा. मेमकॉपी करा, म्हणजे बिट जसेच्या तसे इंटमध्ये उतरवा. युनियन (एकाच जागेला दोन प्रकार) सीमध्ये चालतं, सी प्लस प्लसमध्ये नाही.

रातराणी
हो हो, मेमकॉपीच करायला लावलंय 🙂

पडवी
टर्बो सीचा निळा स्क्रीन!! लॅबबाहेर चपला काढायच्या, परत येईस्तोवर जोडी गायब

बिनसाखर
आमच्याकडे पण! आणि एसी फक्त कॉम्प्युटरसाठी 😄

सांजवात
ऑडिओत काम करते. रिव्हर्बची (आवाजाच्या घुमण्याची) शेपटी विरत आली की प्रोसेसर धापा टाकायचा. आकडे इतके बारीक की घातांकाचे आठही बिट शून्य, अशांना सबनॉर्मल म्हणतात. तिथे 127 वजा केले तर उणे 127 येतं, ते चूक. 10 च्या उणे 40 व्या घाताला खरं उत्तर उणे 133, आयलॉगबी बरोबर देतं. बाकी नंतर, कुकर झाला

कोकणकडा
आणि शून्य, इन्फिनिटी, नॅन (संख्याच नसलेलं उत्तर) आधी बाजूला काढा. शेवटच्या दोघांना घातांकाच्या जागी 255 येतं.

पडवी
सांजवात, रिव्हर्बचं पुढे काय केलंत? लिहा नक्की

रातराणी
लेकीने आत्ता वहीत 0.1 सोडवलं. 123 वजा 127, उणे 4. थोडं थांबून म्हणाली, "आई, म्हणजे 1.6 भागिले 16!"