रणजित महाराजांची निरूपणं एकट्याने ऐकताना कुठून सुरुवात करावी?

कल्याणची श्रोती:
नमस्कार. दादरच्या एका औषधांच्या दुकानात मी हिशेब बघते. लोकलमध्ये जाता-येता रणजित महाराजांची (१९१३–२०००) निरूपणं ऐकते. सिद्धरामेश्वर महाराजांचे ते शिष्य, म्हणजे अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे गुरुबंधू. निसर्गदत्तांवर बोलणारे पुष्कळ भेटतात, यांच्याबद्दल विचारलं तर बहुतेकांना नावही ठाऊक नसतं. तेही मुंबईत हिशेबाचीच नोकरी करत, हे कळलं तेव्हा फार जवळचे वाटले.

माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणांना काही क्रम नाही. बरेचसे संवाद परदेशी साधकांशी, इंग्रजीत. एका ठिकाणी महाराज सांगतात की हे सगळं मिथ्या आहे, करायचं काहीच उरत नाही. दुसरीकडे गुरुभक्ती आणि भजन सोडू नका म्हणतात. सगळंच मिथ्या तर भजन करायचं कुणी आणि कुणाचं? घरात विचारायला कोणी नाही, अनुग्रहही (गुरूकडून दीक्षा) झालेला नाही. नुसत्या ऐकण्याने हा स्वाध्याय पुढे जाईल का?

गुरुमुख:
ताई, आधी अनुग्रह घ्या. मार्ग गुरुमुखातूनच उघडतो, फोनमधून नाही.

सोलापूरचा दासबोधवाचक:
अनुग्रहाचं महत्त्व मीही मानतो. पण त्यासाठी ऐकणं थांबवू नका. समर्थांनी नवविधा भक्ती सांगताना पहिलं श्रवणच घेतलंय (दशक ४, समास १).

सिद्धरामेश्वर महाराज आमच्याकडचे, पाथरीचे. त्यांचे गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज. ध्यान आणि नामस्मरणाची कडक साधना हा त्यांचा मार्ग. १९१४ साली त्यांनी देह ठेवल्यावर सिद्धरामेश्वरांनी ती साधना निकराने केली, आणि पुढे विचाराने, विवेकाने थेट जाण्याचा मार्ग शिकवला. मुंगी फांदी-फांदी करत फळापर्यंत पोचते, पक्षी उडून थेट बसतो. म्हणून पहिल्याला पिपीलिका (मुंगीचा) मार्ग आणि दुसऱ्याला विहंगम (पक्ष्याचा) मार्ग म्हणतात. रणजित महाराज जे बोलतात ते या विहंगम मार्गाचं बोलणं आहे. ही पार्श्वभूमी नसली की त्यांचं ‘काही करू नका’ आळसाला परवानगी दिल्यासारखं ऐकू येतं.

तुमच्या गोंधळाचं मूळ मला दुसरीकडे दिसतं. परंपरेत चार देहांचा विचार आहे: स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण. स्थूल म्हणजे हे शरीर, सूक्ष्म म्हणजे मन-बुद्धी आणि इंद्रियं, कारण म्हणजे नुसतं अज्ञान, विस्मृती. महाकारण म्हणजे ‘मी आहे’ हे ज्ञान. आणि शेवटी तेही टाकायचं. समोरचा साधक ज्या पायरीवर अडकलाय, तिथलं उत्तर त्याला मिळतं. म्हणून साधकाचा प्रश्न वगळून पुढे जाऊ नका. आधी प्रश्न वहीत लिहून काढा, हा माणूस कुठल्या देहाला ‘मी’ म्हणतोय ते बघा, मग महाराजांचं उत्तर ऐका. सोबत दासबोधाचा सतराव्या दशकातला तनुचतुष्टयाचा, म्हणजे याच चार देहांचा, समास ठेवा. एकच संवाद आठवडाभर पुरतो. नवीन फाइल उघडायची घाई मला तरी श्रवणाला मारक वाटते.

भजनाचं म्हणाल तर, सिद्धरामेश्वरांनी ज्ञानानंतरच्या भक्तीवर फार जोर दिला होता. ज्ञान झालं की ‘मला कळलं’ हा अहंकार उरतो. तो भक्तीनेच जातो, आणि ती भक्ती मिळवण्यासाठी नसते, गुरूच्या प्रेमाने होते. भाऊसाहेब महाराजांच्या या परंपरेच्या, म्हणजे इंचगिरी परंपरेच्या, मठांत आजही भजनाचा नेम चालतो. तुम्हाला जिथे विसंगती दिसली, नेमकं तिथेच मला हे शिक्षण सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

कल्याणची श्रोती:
दादा, मनापासून आभार. काल रात्री एक संवाद तुमच्या पद्धतीने ऐकला. विचारणारा सारखा ‘माझं मन शांत होत नाही’ म्हणत होता. महाराज मनाला शांत करायचा उपाय काही सांगतच नव्हते, आणि आजवर मला वाटायचं की ते प्रश्नाला बगल देतात. तो सूक्ष्माला ‘मी’ धरून बसलाय हे काल लक्षात आलं. लोकलमधलं ऐकणं मात्र सोडवत नाही. तेवढाच वेळ माझा असतो.

सोलापूरचा दासबोधवाचक:
लोकलमध्ये जरूर ऐका, लिहिणं रात्री. आणि सवड झाली की वाळकेश्वरला बाणगंगेवर जाऊन या, सिद्धरामेश्वरांची समाधी तिथे आहे. अनुग्रहाचं काय ते तिथल्या जाणत्यांना विचारा, इथे आम्हाला नको.