कानातला मळ आणि कानात येणारा आवाज: थेंब द्यायचे की डॉक्टरकडे पाठवायचं?

इतवारी_काउंटर
उन्हाळा लागला की औषधाच्या दुकानात ही तक्रार ठरलेली: "कानात कुलर चालू असल्यासारखं वाजून राहिलं, मळ काढायचे थेंब द्या." मळामुळे खरंच आवाज येतो का? आणि थेंब कोणाला देऊ नयेत, हे काउंटरवर उभ्याउभ्या कसं ओळखायचं?

श्रवण_धरमपेठ
येतो. पण बहुतेक वेळा मळ स्वतः वाजत नाही. तो बाहेरचे बारीक आवाज अडवतो, मग एरवी त्यांच्याखाली झाकलेला आतला आवाज उघडा पडतो. रात्री कुलर बंद केला की शिट्टी जोरात वाटते, तसंच हे. मळ पडद्याला टेकला असेल तर जबडा हलवताना खुडखुडही येते.

नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि मळ तयार होतो तिच्या बाहेरच्या भागातच. पडद्याजवळ गोळा सापडला तर तो बहुधा कापसाच्या काडीने नाहीतर चाबीने आत ढकललेला असतो. बारीक फट उरली असेपर्यंत ऐकू येत राहतं. डोक्यावरून आंघोळ केली की सुका मळ फुगतो, फट बुजते आणि माणूस म्हणतो, "सकाळपर्यंत तर ठीक होतं."

एकाच कानाची तक्रार असेल तर गिऱ्हाइकाला तोंड मिटून "म्ऽऽ" असा हुंकार द्यायला सांगा. हुंकार बंद कानात मोठा वाटला तर वाटेत अडथळा आहे: मळ, पाणी किंवा पडद्यामागचा द्रव. चांगल्या कानात मोठा वाटला तर संशय ऐकण्याच्या नसेवर. त्यातही ऐकू येणं एकदोन दिवसांत अचानक कमी झालं असेल तर थेंब विकूच नका. त्याच दिवशी मेडिकल नाहीतर मेयोच्या (नागपूरची दोन्ही सरकारी रुग्णालयं) नाक-कान-घसा विभागात पाठवा. तिथे स्टेरॉइड लवकर सुरू झालं तरच उपयोग, दोन आठवडे उलटले की आशा फार कमी. हुंकार ही फक्त चाळणी आहे बरं, निदान नाही.

ओपीडी_सिस्टर
देण्याआधी चार प्रश्न विचारा. कान वाहतो का? पडदा फाटल्याचं कधी सांगितलंय का? कानाचं ऑपरेशन झालंय का? दुखतंय का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर थेंब नाही. टर्पेंटाइनवाले थेंब फाटक्या पडद्यातून आत गेले तर आग आग होते. शुगरवाल्यांना घरी पिचकारी मारू देऊ नका, नळी खरचटली तर त्यांचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

बाकीच्यांना सोडियम बायकार्बोनेट ५ टक्के: ३-४ थेंब, दिवसातून तीनदा, ३ ते ५ दिवस. बाटली मुठीत धरून कोमट करायची, कुशीवर पडून कानाची पाळी वर-मागे ओढायची, थेंब टाकून ५-१० मिनिटं तसंच पडून राहायचं. पहिल्या दिवशी कान जास्तच बंद होईल हे आधीच सांगा, नाहीतर बाटली परत घेऊन येतात.

कान धुताना पाणी ३७ अंशांचं लागतं. थंड पाण्याने आतला तोल ढवळतो, खोली गरगरते, उलटी होते. धार पडद्यावर सरळ नाही, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारायची. म्हणून हे काम ओपीडीतच बरं.

इतवारी_काउंटर
आणि लसूण घालून कडकडीत केलेलं तेल? अर्धी इतवारी तेच टाकते.

ओपीडी_सिस्टर
नळी भाजते बाप्पा! साधं ऑलिव्ह तेल, गरम न करता, २-३ थेंब, चालतं.

श्रवण_धरमपेठ
एक राहिलं. मळ निघाला तरी आवाज तसाच असेल तर दुसरी बाटली देऊ नका, श्रवणचाचणीला पाठवा. सक्शनने मळ काढल्यावर एकदोन दिवस आवाज वाढू शकतो, कारण ते यंत्र कानाजवळ बरंच गोंगाट करतं. तेवढं थांबायला हरकत नाही. पण आवाज नाडीच्या ठोक्यावर येत असेल, किंवा एकाच कानात कायम असेल, तर थांबू नका. आणि हो, सांधेदुखीसाठी ॲस्पिरिनच्या गोळ्या भरपूर चालू आहेत का, तेही विचारा. त्या गोळ्याही कानात शिट्टी वाजवतात, मग मळ कितीही काढा.