रीफ टँकमधे (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफुलं) माजलेत, केमिकल न टाकता काय करू?

मुलुंडकर: लाइव्ह रॉकवर (टाकीतल्या जिवंत सूक्ष्मजीव असलेल्या दगडावर) दोन तपकिरी, काचेसारखे कोंब आले होते, म्हटलं छान दिसतायत राहू दे, आता वीसेक झालेत आणि शेजारच्या झोआ (फुलांसारखे कोरल) मिटूनच बसतात. काल ब्लेडने खरवडले.

परळचा रीफवाला: अरे खरवडू नकोस बाबा!! बुडाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवीन उगवतो. तीनचार पेपरमिंट श्रिंप (ऐप्टेशिया खाणारी छोटी कोळंबी) सोड, रात्री दिवे गेले की बाहेर पडतात. फक्त घेताना नीट बघ, त्याच नावाने कॅमल श्रिंप गळ्यात मारतात, पाठीला कुबड आणि लालात पांढरे पट्टे असतील तर नकोच, तो कोरलच कुरतडतो. आणि खाणं कमी टाक, माझे श्रिंप पेलेट्स (माशांच्या खाण्याच्या गोळ्या) खाऊन सुस्त पडायचे, मोठ्या ऐप्टेशियाकडे ढुंकूनही बघत नव्हते.

वसईची मासोळी: बर्गिया बेस्ट. इवलीशी समुद्री गोगलगाय, ऐप्टेशियाशिवाय काही खातच नाही, त्यामुळे ते संपले की उपाशी मरते, वेळेत दुसऱ्याला देऊन टाक. पण टाकीत सिक्सलाइन रास मासा असेल तर पैसे अक्षरशः पाण्यात, तो गट्ट करतो.

मुलुंडकर: सिक्सलाइन आहे ना 😭 मग श्रिंपच. शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला जातोय, आधी पाठ बघेन.