लघवीची ‘तातडी’, ‘वेग’ की ‘घाई’? खानदेशातल्या रुग्णांसाठी शब्द हवा आहे

तापीकाठची
मी जळगावात राहून वैद्यकीय मजकुराची भाषांतरे करते. सध्या माझ्यासमोर ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ या, म्हणजे लघवीची अचानक घाई लागून वारंवार जावे लागते त्या विकारावरच्या एका औषधचाचणीचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र आहे. २०१९च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार रुग्णाची संमती त्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत घ्यावी लागते. त्यासाठी भाषांतर झाल्यावर तेच मराठी, मूळ मजकूर न दाखवता, दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात. माझी अडचण तिथे उघडी पडली. ‘अर्जन्सी’साठी, म्हणजे अचानक लागणाऱ्या, रोखायला कठीण अशा घाईसाठी, मी ‘लघवीची तातडी’ असे लिहिले होते, ते परत येताना ‘इमर्जन्सी’ होऊन आले. आणि ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’चे मी केलेले ‘ताणजन्य मूत्र-असंयम’ परत आले ते ‘मानसिक तणावामुळे लघवीवर ताबा न राहणे’ या रूपात, म्हणजे खोकताना किंवा शिंकताना लघवी निसटते या मूळ अर्थाचा त्यात मागमूसही उरला नव्हता. चाचणीत सहभागी होणारे बहुतेक रुग्ण रावेर, यावल, चोपडा आणि अमळनेर या तालुक्यांतले असतील. कृपया शब्द सुचवावेत.

निवृत्त मास्तर, धुळे
ताई, ‘तातडी’ हा शब्द तारेचा आणि सरकारी परिपत्रकाचा आहे. मूत्राशयाला परिपत्रक निघत नाही. आपल्याकडे माणूस ‘लघवीला जोरात लागली’ असे म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सगळे कळते. मात्र छापील कागदावर ‘जोरात’ हा शब्द वाचून लघवीची धार जोरात येते असा अर्थ कोणी घेतला, तर माझा नाइलाज आहे.

वैद्य, नंदुरबार
या जाणिवेला आपल्या परंपरेत अचूक शब्द आहे, तो म्हणजे ‘वेग’. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. तिथे जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मूत्राचा वेग आरंभीच येतो. शब्द तयार असताना नवा घडवण्याचे कारण मला दिसत नाही. ‘अतिमूत्रवेग’ असे लिहावे, म्हणजे अर्थही राहील आणि भाषाही शुद्ध राहील.

शुश्रूषा
वैद्यराज, शब्दाबद्दल आदर ठेवूनच सांगते की मी चोपड्याकडच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केले आहे, आणि ‘लघवीला वेग कसा आहे’ असे विचारले की शंभरातले शंभर रुग्ण धारेबद्दल उत्तर देतात. प्रोस्टेट वाढलेले म्हातारे बाबा ‘वेग कमी झाला’ असे सांगतात तेव्हा त्यांची तक्रार धार बारीक झाल्याची असते. त्यामुळे ‘अतिमूत्रवेग’ वाचून त्यांना आपली लघवी फार छान होते असे वाटेल.

आणखी एक इशारा द्यायचा आहे. सोपे करण्याच्या हेतूने ‘लघवीची पिशवी’ असे कोणी सुचवेल, पण आपल्या भागातल्या बायकांच्या बोलण्यात नुसते ‘पिशवी’ म्हटले की ती गर्भाशयाची असते. ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढले. चाचणीच्या कागदावर ‘पिशवीचा विकार’ असे दिसले, तर अर्ध्या जणी शस्त्रक्रियेच्या भीतीने सही न करता उठून जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आता ‘अंग बाहेर येणे’, म्हणजे गर्भाशय खाली सरकणे, हा शब्दप्रयोग घ्या. तो सगळ्यांना कळतो, पण कोणत्याही छापील पत्रकात मला तो आजवर दिसलेला नाही.

तापीकाठची
‘पिशवी’चा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मजकुरात तो शब्द सहा ठिकाणी आहे. आता सगळीकडे ‘मूत्राशय’ करते.

जुना कोश
करताना लिंग ठरवून घ्यावे. ‘आशय’ पुल्लिंगी असल्याने ‘तो मूत्राशय’ असेच व्हायला हवे, पण ‘गर्भाशय काढले’, ‘मूत्राशय भरले’ असा नपुंसकलिंगी वापर सर्रास चालतो आणि पुढे विशेषणांचाही घोळ होतो. माहितीपत्रकात एका पानावर ‘अतिक्रियाशील झालेला’ आणि दुसऱ्या पानावर ‘अतिक्रियाशील झालेले’ असे असू नये.

निवृत्त मास्तर, धुळे
माझ्या मते ‘ते मूत्राशय’. जे अवयव शरीराच्या आत असतात आणि दिसत नाहीत, ते मराठीने नपुंसकलिंगात टाकले आहेत. हृदय, काळीज, आतडे, यकृत ही उदाहरणे पाहावीत.

जुना कोश
मास्तर, मेंदू कुठे गेला? आणि प्लीहा, पित्ताशय यांचा हिशेब कोण देणार?

ठिबकवाला, रावेर
मी केळीचा शेतकरी आहे. भाषेचा अभ्यासक नाही, पण हा विकार माझ्या आईला होता, म्हणून लिहितो. तिला लघवी गळते असे डॉक्टरांनी कागदावर लिहिले, तेव्हा तिला फार लाज वाटली, कारण आमच्याकडे गळते ते छप्पर आणि पाईपलाईन. पुढे त्यांनीच तिला समजावले ते आमच्या भाषेत. ते म्हणाले, “आई, ठिबकच्या लाईनमध्ये दोन प्रकारचे बिघाड होतात. एकात व्हॉल्व्ह ढिला पडतो आणि दाब आला की पाणी निसटते. दुसऱ्यात व्हॉल्व्ह ठीक असतो, पण टाकी भरायच्या आतच मोटर आपोआप सुरू होते. तुमची मोटर सुरू होते.” ते तिला एका क्षणात कळले. माझ्या माहितीप्रमाणे दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत, म्हणून दोन्हींना वेगळे शब्द हवेत. ‘असंयम’ या एकाच टोपलीत दोन्ही टाकले तर माणूस चुकीच्या दुकानात जाईल.

शल्यविशारद
रावेरच्या भाऊंचे उदाहरण ढोबळ असले तरी दिशा बरोबर आहे. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना निसटते त्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मूत्रमार्गाचा आधार कमी पडतो. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेले व्यायाम आजही तिथे पहिली पायरी आहेत. घाईच्या प्रकारात मूत्राशय भरत असताना जो स्नायू सैल राहायला हवा, तो मध्येच आकसतो. ऑक्सिब्युटिनिन आणि टोल्टेरोडीन ही औषधे त्याला आकसायला सांगणारा मस्करिनी संदेश अडवतात, तर नंतर आलेले मिराबेग्रॉन पेशींवरच्या बीटा-३ ग्राहकांमार्फत (रिसेप्टर) त्याला सैल ठेवते. गोळ्यांनी भागले नाही तर स्नायूत बोट्युलिनम विषाची (बोटॉक्स) एकूण १०० एककांची इंजेक्शने देता येतात, किंवा घोट्याजवळच्या नसेला दर आठवड्याला ३० मिनिटे, असे १२ आठवडे सौम्य विद्युत उत्तेजन देतात.

मात्र नावाबद्दल माझा मुद्दा वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ च्या परिभाषेत ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ची व्याख्या लक्षणांवर केली: अचानक येणारी, रोखायला कठीण अशी घाई, तिच्या जोडीला बहुधा वारंवार जाणे व रात्री उठणे, मग लघवी निसटत असो वा नसो, आणि संसर्गासारखे दुसरे उघड कारण नसावे. स्नायूचे प्रत्यक्ष आकुंचन मोजून दिसले, तर त्याला वेगळी संज्ञा आहे. ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ या शब्दात आपण स्नायूवर आरोप ठेवून मोकळे होतो, पण व्याख्या आरोपी ठरवत नाही, फक्त फिर्याद नोंदवते. इंग्रजी नावातही हाच दोष आहे. तो मराठीत जसाच्या तसा आणायची सक्ती आपल्यावर नाही.

जुना कोश
मग ‘उतावळे मूत्राशय’ कसे वाटते? ‘अति’ नको, ‘क्रिया’ नको, आणि भावही बरोबर उतरतो.

निवृत्त मास्तर, धुळे
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. संमतीपत्र वाचताना बाया हसतील.

शुश्रूषा
हसल्या तर बिघडले कुठे? हा विषय बायका वर्षानुवर्षे सुनेलासुद्धा सांगत नाहीत. शिरपूरहून चोपड्याला एसटीने जायचे म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तेही भुसावळच्या मे महिन्यात. त्यामुळे लघवी गडद होऊन मूत्राशयाला अधिकच टोचते, पण हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मस्करिनी संदेश अडवणाऱ्या औषधांनी तोंडाला कोरड पडते आणि बद्धकोष्ठ होते. ते माहितीपत्रकात ठळक लिहावे, कारण आपल्या उन्हाळ्यात कोरड पडली की माणूस तांब्यावर तांब्या पाणी पितो आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून गोळी सोडतो.

वैद्य, नंदुरबार
मी ‘वेग’ हा शब्द मागे घेतलेला नाही. उलट नवी चिंता वाटते. या पत्रकात ‘मूत्राशयाचे प्रशिक्षण’ म्हणून जे सांगितले असेल, ते म्हणजे वेग आला तरी थांबून राहणे. आमच्या शास्त्राने नेमके हेच निषिद्ध मानले आहे, म्हणून रुग्णाला हा विरोधाभास भाषेतून समजावून द्यावा लागेल.

शल्यविशारद
हा आक्षेप रास्त आहे आणि रुग्णही तो घेतात. खरी, भरलेल्या मूत्राशयाची जाणीव दडपणे वेगळे आणि पाव भांडे भरताच उठणारी खोटी हाकाटी लांबवणे वेगळे. प्रशिक्षणात दोन खेपांमधले अंतर एकदम नव्हे, तर साधारण १५ मिनिटांनी वाढवतात, आणि आरंभी ३ दिवस वेळ व प्रमाण लिहून ठेवायला सांगतात. ज्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते, त्याच्यातून दर खेपेला शंभरच बाहेर पडत असेल, तर तो निसर्गाचा वेग म्हणायचा की सवयीचा, हे आपणच सांगावे. आणि कृपा करून कोणी ‘बहुमूत्रता’ सुचवू नये. त्यात प्रमाण वाढलेले असते, इथे खेपा वाढलेल्या असतात.

वैद्य, नंदुरबार
‘प्रमेह’ मी आपणहून सुचवणार नव्हतोच. लोकांच्या तोंडी त्याचा ‘परमा’, म्हणजे गुप्तरोग झाला, आणि ‘परमा’ ऐकताच माणूस घर सोडून पळतो.

ठिबकवाला, रावेर
‘लघवी’ हा शब्द तरी कुठून आला? आमचे आजोबा म्हणत की लाघवाने, म्हणजे हळूच करायची, म्हणून लघवी.

जुना कोश
आजोबांची व्युत्पत्ती गोड आहे, पण लघुशंका आणि दीर्घशंका ही जोडी पाहिली, तर ‘लघु’ हेच मूळ सरळ दिसते. मला कुतूहल आहे ते ‘शंका’चे. लागली की काय अशी शंका येते, जाऊन पाहिले तर थोडीच होते, आणि परत आल्यावर पुन्हा शंका. या विकाराचे इतके नेमके वर्णन दुसरे नसेल. मात्र पत्रकात ‘शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे’ हे वाक्य असतेच, त्याचे काय करणार?

अहिराणीप्रेमी, अमळनेर
सगळे प्रमाण मराठीत शोधताहेत. रुग्णाला मराठी वाचता येत असेल, पण तो आपला त्रास अहिराणीत सांगतो: “माले घाई लागस, थांबता येत नही.” यात ‘घाई’ आहे आणि ‘थांबता येत नाही’ हेही आहे, म्हणजे डॉक्टरसाहेबांची २००२ सालची व्याख्या सहा शब्दांत झाली. यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे, नंदुरबारकडे भिली आणि गुजरी आहे. ‘समजेल अशी भाषा’ ही अट मनावर घ्यायची असेल तर एक मराठी पत्रक पुरेसे नाही.

निवृत्त मास्तर, धुळे
बोलीत कायदेशीर कागद लिहायला सुरुवात केली, तर उद्या सातबाराही तसाच मागाल. प्रमाणभाषा एक असते म्हणूनच चाचणीला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीला ती तपासता येते.

अहिराणीप्रेमी, अमळनेर
नीतिसमितीत एक सामान्य व्यक्तीही असावी लागते, मास्तर. ती व्यक्ती कोणत्या भाषेत सामान्य असते?

तापीकाठची
चर्चा रंगली आहे, तरी माझा मजकूर परवा द्यायचा आहे. ‘अर्जन्सी’साठी ‘लघवीची अचानक लागणारी, कळ काढवत नाही अशी घाई’ असे आता लिहिले आहे. खोकल्याच्या प्रकारासाठी संज्ञाच टाळून ‘खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना लघवी निसटणे’ असे केले आहे. ‘असंयम’ पूर्ण काढला, कारण त्यात रुग्णाच्या चारित्र्यावर शेरा आहे.

शुश्रूषा
‘कळ काढवत नाही’ सुंदर आहे, पण उलटे भाषांतर करणारा ‘कळ’ म्हणजे वेदना असे धरेल, आणि पुढच्या पानावर ‘वेदना होतात का’ हा स्वतंत्र प्रश्न असेलच. ‘दम धरवत नाही’ केले तर दम्याचे काही निघू नये म्हणजे झाले.

तापीकाठची
मग ‘थांबता येत नाही’ हेच ठेवते, अहिराणीप्रेमींच्या वाक्यातले. आता शेवटची अडचण राहिली आहे ती ‘प्लासिबो’ची, म्हणजे तुलनेसाठी दिल्या जाणाऱ्या, औषध नसलेल्या गोळीची. आधीच्या भाषांतरकाराने ‘साखरेची गोळी’ लिहिले होते, आणि यादीतले बरेच रुग्ण मधुमेही आहेत.

ठिबकवाला, रावेर
ती गोळी माझ्या आईने नक्की परत केली असती.

जुना कोश
‘निष्क्रिय गोळी’ चालेल. पण तो मूत्राशय की ते मूत्राशय, हे अजून कोणी ठरवलेले नाही.