तासगावचे हँडहेल्ड सांगलीच्या ऑफिसला कसे जोडावेत?

बेदाणा_तासगाव:
नमस्कार मंडळी. तासगावला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, हिशेबाचं ऑफिस सांगलीत गावभागात. पेट्या मोजायला बारकोडचे हँडहेल्ड आहेत, पाच जुने विंडोज मोबाइलवाले, तीन नवे अँड्रॉइड. रोज संध्याकाळी पोरगा ते पिशवीत घालून एसटीनं सांगलीला नेतो आणि केबल लावून नोंदी चढवतो. परवा एका लॉटच्या 40 पेट्या दोनदा चढल्या. शेतकऱ्यासमोर मान खाली घालावी लागली. तासगावहूनच नोंदी चढाव्यात म्हणून ऑफिसच्या राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडला तरी बाहेरून लागत नाही. एकजण म्हणतो, रिमोट डेस्कटॉप उघडा. काय करू?

कृष्णाकाठ:
दादा, रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून पीसी चालवायचा, 3389 पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका, हात जोडून सांगतो. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम दिवसरात्र तोच शोधत असतात.
राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकाच सार्वजनिक पत्त्यावर कंपनी अनेक गिऱ्हाइकं बसवते, तिथं तुमचा पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल टाका, लांबची मशिनं एका खाजगी नेटवर्कात जोडणारा प्रोग्राम आहे. दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर जोडणी करतात, राउटरला हात लावावा लागत नाही. आत वायरगार्डच आहे, म्हणजे सगळा डेटा कुलूपबंद जातो.

बेदाणा_तासगाव:
जुन्या पाचांवर चालेल?

कृष्णाकाठ:
नाही. ॲक्टिव्हसिंक, म्हणजे विंडोज मोबाइल पीसीला जोडायचं सॉफ्टवेअर, त्याच्या 4.0 पासून मायक्रोसॉफ्टनं वायफायवरचं सिंक काढूनच टाकलं, म्हणून तुमची केबल सुटत नाही. स्टोरेजमध्येच एक साधा पीसी ठेवा, जुनी मशिनं त्याला लावा आणि टेलस्केल त्या पीसीवर टाका. पोराची एसटी वाचेल.

कराडची_मेघा:
जोडणी झाली तरी त्या 40 पेट्यांचं दुखणं राहणारच, ते वेगळं आहे. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींच्या पफ पॅनेलला (आत फोम) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, आत रेंज येतच नाही. म्हणून नोंद आधी हँडहेल्डवरच एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे मशिनवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये, पडू दे. स्कॅन होतानाच प्रत्येक नोंदीला स्वतःचा यूयूआयडी, म्हणजे पुन्हा कुठं न येणारा नंबर, द्यायचा. ऑफिसकडून पोच आली की मगच ती 'गेली' धरायची. पोच वाटेत हरवली तर हँडहेल्ड तीच नोंद पुन्हा पाठवतो, पण ऑफिसच्या टेबलात तो आयडी आधीच असल्यानं दुसरी पडत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला एवढंच विचारा: आयडी कुठं तयार होतो, मशिनवर की ऑफिसात? ऑफिसात म्हणाला तर डबल नोंदी येतच राहतील.
चालू डेटाबेसची फाइल सिंकथिंगनं (दोन मशिनांवरच्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम) मात्र कॉपी करू नका, अर्धवट कॉपी होऊन खराब होते.

कृष्णाकाठ:
मेघाताईंचं शंभर टक्के बरोबर. आणि गावभाग म्हणालात म्हणून सांगतो: ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. ऑफिसचा पीसी तळमजल्यावर असेल तर रोजची एक प्रत तासगावच्या पीसीवर उतरवा. तीच जोडणी उलट्या दिशेनं वापरायची.

बेदाणा_तासगाव:
वॅन आयपी 100.72 नं सुरू होतोय. पीसी तळमजल्यावरच आहे, आज माडीवर नेतो. सॉफ्टवेअरवाल्याला ताईंचा प्रश्न विचारला, म्हणाला आयडी ऑफिसात पडतो. उद्या त्याला तासगावला बोलावलंय.