मदत हवी आहे: बेस्टच्या डबल डेकरची उशी, नावाची पाटी आणि रंग सोडणारं लाल कापड

मंडळी, भाचा पुढच्या महिन्यात चार वर्षांचा होतोय. खेळण्यांनी घर ओसंडून वाहतंय, म्हणून यंदा हाताने शिवलेली उशी द्यायचं ठरवलंय, तीही बेस्टच्या जुन्या डबल डेकरची. त्याचे आजोबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. जुन्या डिझेलवाल्या डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे या पठ्ठ्याला त्या आजोबांच्या गोष्टींतूनच माहीत. नव्या एसीवाल्या त्याच्या मते 'खोट्या' आहेत!

उशी १६ x १२ इंच, सरळ आयताकृती. बसच्या आकारात कापायच्या भानगडीत मी पडणार नाही. लाल कापडावर पांढऱ्या खिडक्यांच्या दोन ओळी आणि मधल्या पट्टीवर काळी पाटी: मार्ग क्रमांक ४, आणि बस कुठे जाणार त्या जागी भाच्याचं नाव, 'मल्हार'.

घोडं अडलंय ते पाटीपाशी. घरात आईचं जुनं पायमशीन आहे, फक्त सरळ टीप मारतं, झिगझॅग नाही. खिडक्यांच्या कडा पाव इंच दुमडून, इस्त्री करून शिवता येतील. पण अक्षरं दीड इंचाची, त्यात 'ल्हा'ची वळणं कशी दुमडणार? फेल्टचं (कडा दुमडाव्या न लागणारं जाड कापड) नाव कापावं का? शिरोरेषेमुळे अख्खं नाव एका तुकड्यात निघेल, अक्षरं वाकडीतिकडी बसायची भीती नाही. पण स्वस्त फेल्टला धुतल्यावर गोळे येतात. की सरळ भरतकाम करू?

दुसरं, लाल कॉटन मंगलदास मार्केटमधून आणलंय. दुकानदार 'पक्का रंग' म्हणाला (कच्चा म्हणणारा दुकानदार अजून जन्मायचाय), पण ओला पांढरा रुमाल घासला तर गुलाबी झाला. मिठाच्या पाण्याने खरंच फरक पडतो का?

आत काय भरू? आई म्हणते कापूसच. आणि घंटीची दोरी हवीच, नाहीतर आजोबा बस पास करणार नाहीत.

साखळीटाका:
एवढ्याशा अक्षरांना फेल्ट नको, भराच. पाटीचं काळं कापड आधी कापू नका. रिंगमध्ये नीट ताणून बसेल एवढं मोठं ठेवा, भरून झालं की मापाने कापा. पांढऱ्या कार्बनने नाव उतरवा. सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर घेऊन साखळी टाका घाला. शिरोरेषा आधी भरलीत तर अक्षरांची उंची आपोआप सारखी राहते. 'ल्हा'च्या वळणावर टाके बारीक घ्या, नाहीतर गोलाई कोनासारखी दिसते. चाकांना बटणं मोह पाडतील, पण घरात त्याच्याहून लहान मूल असेल तर अजिबात नको. काळे गोल शिवा.

भायखळ्याची मामी:
मिठाच्या भरवशावर राहू नका. जास्तीचा रंग धुऊनच काढावा लागतो. कोमट पाणी, साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कापड आटायचं तेही कापायच्या आधीच आटेल. इतकं करूनही रुमाल गुलाबी होत असेल तर कापड बदला, पांढऱ्या खिडक्यांशेजारी ते ठेवायचं नाही. मागे चेन लावत बसू नका. पुढचा भाग १७ x १३ कापा, मागचे दोन पल्ले ११½ x १३ चे. पल्ल्यांची एकेक उभी कड एक इंच दुमडून शिवली आणि चहूबाजूंनी अर्धा इंच शिलाई धरली की पल्ले एकमेकांवर चार इंच चढतात. तोंड उघडं पडत नाही.

कापसाबद्दल तुमच्या आईंची माफी मागून सांगते, फायबर भरा. आपल्याकडे पावसाळ्यात कापूस दमट होतो, त्याचे गोळे होतात, आणि पोराने दूध सांडलं की धुता येत नाही. आतली उशी मांजरपाटाची वेगळी शिवा, अभ्र्यापेक्षा अर्धा इंच मोठी, म्हणजे कोपरे पोचट दिसत नाहीत.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. भरतकाम आणि फायबर पक्कं. कापड आजच भिजवते. दोरीचं कोणी बोललंच नाही!

भायखळ्याची मामी:
लोंबती दोरी मुलाच्या उशीला नको, गळ्याशी जाते. खिडक्यांच्या वर चार-पाच इंचाची जाड दोरी आडवी ठेवा, दोन्ही टोकं दुहेरी टीप मारून पक्की करा आणि मधेही दोन-तीन टाके घाला, म्हणजे फास होणार नाही. टिंग टिंग आजोबा तोंडाने करतील.