मदत हवी आहे: चर्चच्या जुन्या इमारतीतलं घर, बेडरूमची खिडकी उघडती करायची आहे (इंग्लंड, ग्रेड टू लिस्टेड)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात लिस्टेड इमारतीत, म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या संरक्षित इमारतीत राहणारं, किंवा अशा इमारतीच्या कामात हात घातलेलं कुणी इथे असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा. लांबलं आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी नीट सल्ला देऊ शकत नाही, म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही वेस्ट यॉर्कशरमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही जिथे घर घेतलं, ते १८७०च्या दशकातलं दगडी चर्च आहे. चर्च ऑफ इंग्लंडचं होतं. १९८०च्या दशकात तिथली प्रार्थना बंद झाली, इमारत विकली गेली आणि आत मजले घालून नऊ फ्लॅट झाले. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. बैठकीच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला छतात उघडत्या खिडक्या आहेत, तिथे काही अडचण नाही. घोडं अडलंय ते बेडरूमपाशी.

बेडरूमला एकच खिडकी. मूळची ती पंधरा-सोळा फूट उंच, वर टोकदार कमान असलेली. मधला मजला तिला छेदून गेला, त्यामुळे खालचा निम्मा भाग खालच्यांच्या खोलीत आणि कमानीसकट वरचा भाग आमच्याकडे, अगदी जमिनीपासून सुरू होणारा. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या लहान लहान काचा, काही फिक्या हिरव्या, काही पिवळसर. पाठीमागून आडव्या लोखंडी सळ्या, आणि त्या सळ्यांना शिशाची जाळी तांब्याच्या तारेने पीळ देऊन बांधलेली. काचांमध्ये बारीक बुडबुडे आहेत. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन आलं की पलंगाच्या पायथ्याशी फिका हिरवा पट्टा पडतो. ही खिडकी पाहूनच आम्ही घर घेतलं आणि तिला धक्का लागावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. हे आधीच सांगते, कारण दोन ठिकाणी विचारलं तर "काढून टाका आणि डबल ग्लेझिंग बसवा" एवढंच उत्तर मिळालं.

अडचण अशी की ही खिडकी उघडतच नाही. ऑक्टोबर लागला की रोज पहाटे काचांवर पाणी धरतं. शिशाच्या प्रत्येक पट्टीवर थेंबांची रांग उभी राहते आणि तिथून ओघळून दगडी उंबऱ्यावर साठते. मी उंबऱ्यावर पंचा ठेवते, तो सकाळी पिळावा लागतो. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यावर काळी बुरशी धरली आहे. गेल्या हिवाळ्यात सांगलीहून आई आली होती. तिला दमा आहे. तिला उजाडलं की आधी खिडकी उघडायची सवय, घरात हवा खेळली पाहिजे हे तिचं आयुष्यभराचं म्हणणं. इथे पहिल्या सकाळी ती खिडकीच्या कडेकडेने हात फिरवत कडी शोधत राहिली. तिसऱ्या आठवड्यात पंप वाढवावा लागला आणि शेवटचे दहा दिवस ती बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपली. येत्या जानेवारीत ती पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या खिडकीत गुडघ्याच्या उंचीला साधारण दीड फूट रुंद, एक फूट उंच असा एक चौकोन आहे, त्यात शिशाची जाळी नाही. पांढरी प्लॅस्टिकची चौकट आणि साधी काच, भोवती सिलिकॉन. मला वाटायचं ते फ्लॅट केले तेव्हाचंच असेल. मग शेजारच्या आजींकडे चहाला गेले. त्यांची खिडकी हुबेहूब आमच्यासारखी, आणि त्याच जागी त्यांच्याकडे लोखंडी चौकटीची जुनी झडप अजून शाबूत आहे. खाली बिजागरी, वरून आत कलते, वर दोरी आणि भिंतीवर दोरी गुंडाळायला पितळी खुंटी. आजी रोज दोन तास ती उघडी ठेवतात. त्यांच्या खोलीत बुरशीचा ठिपका नाही. म्हणजे आमच्या खिडकीलाही हवेची वाट होती. आधीच्या कुणा मालकाने ती काढून प्लॅस्टिक बसवलं आणि कौन्सिलच्या (इथली स्थानिक पालिका) वेबसाइटवर त्याच्या परवानगीचा मागमूस नाही. घर घेताना आमच्या वकिलांनी यावर एक ओळही लिहिली नव्हती.

म्हणजे मला खिडकीला नवं भोक पाडायचं नाही. जे होतं ते परत बसवायचं आहे, आणि आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे मूळ खिडकीला हात न लावता तिच्या आतल्या बाजूला काचेचं दुसरं आवरण, एवढंच करायचं आहे. भिंत जवळजवळ दोन फूट जाड आहे, जागा भरपूर आहे.

मी आतापर्यंत काय समजून घेतलं ते लिहिते, चुकत असेल तर लगेच सांगा.

लिस्टेड इमारतीचा मुख्य कायदा १९९०चा. इमारतीचं वैशिष्ट्य ज्याने बदलेल अशा कुठल्याही कामाला लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्ट, म्हणजे कौन्सिलची खास परवानगी लागते, काम बाहेरचं असो की आतलं. यादीतल्या नोंदीत खिडकीचा उल्लेख नसला तरी खिडकी संरक्षितच, कारण नोंद ही ओळख पटवण्यासाठी असते, संरक्षण सगळ्या इमारतीला असतं. ग्रेड टू (यादीतल्या तीन श्रेणींपैकी शेवटची) म्हणजे दुय्यम, थोडं इकडेतिकडे चालतं, असं आमच्या इमारतीत बरेच जण समजतात. तसं नाही. इंग्लंडातल्या लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत आणि कायदा सगळ्यांना एकच. परवानगीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला कमाल मर्यादा नाही.

चर्च चालू असतं तेव्हा त्याला या परवानगीतून सूट असते, कारण चर्चची स्वतःची परवानगीची पद्धत आहे. चर्च ऑफ इंग्लंडबरोबर कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे काही पंथांना ती सूट आहे. घरं झाली की ती संपते. मात्र आमच्या खरेदीच्या कागदांत एक करार निघाला. इमारत विकताना चर्च कमिशनर्सनी (चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता सांभाळणारी संस्था) अट घातली आहे की बाहेरून दिसणारा बदल त्यांच्या संमतीशिवाय करायचा नाही. हे कौन्सिलपेक्षा वेगळं. शिवाय फ्लॅट असल्यामुळे स्वतंत्र घराला मिळते ती छोट्या बदलांची मोकळीक आम्हाला नाही. बाहेरून रूप बदलणार असेल तर कन्सेन्टबरोबर प्लॅनिंग परमिशनही लागते. कन्सेन्टच्या अर्जाला फी नाही, प्लॅनिंगच्या अर्जाला आहे. आणि आम्ही लीजहोल्डवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे रहिवाशांच्या कंपनीची लेखी मंजुरीही हवी. एका फूटभर झडपेसाठी चार दारं वाजवायची आहेत. वाजवीन, त्याबद्दल तक्रार नाही, फक्त क्रम कळायला हवा.

तर माझे प्रश्न.

सगळ्यात जास्त झोप उडवणारा प्रश्न त्या प्लॅस्टिकचा. अर्ज केला की ऑफिसर बघायला येणार आणि त्याला ते दिसणार. गुन्हा ज्याने काम केलं त्याचा, हे मला समजलं आहे. पण दुरुस्त करण्याची नोटीस सध्याच्या मालकाला येऊ शकते, आणि लिस्टेड इमारतीत अशा नोटिशीला मुदत नाही, वीस वर्षं झाली तरी येते. नवऱ्याचं म्हणणं, गुपचूप प्लॅस्टिक काढून लोखंडी झडप बसवू, कुणाला कळणार. मला ते पटत नाही. चांगल्या हेतूने केलं तरी ते विनापरवाना कामच, आणि उद्या घर विकताना आज आम्ही अडकलो तसा पुढचा माणूस अडकेल. मला अर्जातच स्वच्छ लिहायचं आहे की हे आम्ही येण्याआधीचं आहे आणि आम्ही ते काढून मूळ रूप परत आणतो आहोत. असं आपण होऊन सांगितल्यावर कौन्सिल कसं वागतं? कुणी या वाटेने गेलं आहे का?

दुसरं, सेकंडरी ग्लेझिंगला वेगळी कन्सेन्ट लागते का? एक बिल्डर म्हणाला अजिबात नाही, दुसरा म्हणाला लागते. माझ्या वाचनाप्रमाणे ते कामावर अवलंबून आहे. सहज काढता येणारं, दगडात भोकं न पाडता बसवलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत, पण ठरवणार कौन्सिलचा कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, म्हणजे जुन्या इमारतींचं जतन पाहणारा अधिकारी. आधीच "या कामाला कन्सेन्ट लागत नाही" असं कायदेशीर प्रमाणपत्र मागता येतं असंही कळलं. ते कुणी घेतलं आहे का, की सगळं एकाच अर्जात घालावं?

तिसरा प्रश्न काचकामाच्या जाणकारांना. आतून दुसरी काच आली की मूळ काच आणखी थंड पडणार. खोलीतली दमट हवा मधल्या पोकळीत शिरली तर सगळं पाणी शिशावर आणि लोखंडी सळ्यांवर बसेल, सळ्या गंजून फुगतील आणि दगड फोडतील. म्हणून आतली काच घट्ट हवाबंद आणि मधल्या पोकळीला बाहेरची थोडी हवा, असं असायला हवं ना? पण मग झडप उघडायची तर आतल्या आवरणातही त्याच जागी दार लागेल. असं जुळवून कुणी केलं आहे का? माझ्या खिडकीची जाळी मधोमध आत फुगली आहे, पट्टी लावून बघितलं तर पाऊण इंच. ही आता सोडवून नव्या शिशात बसवायची वेळ आली आहे, की तारा पुन्हा बांधून भागेल?

भर (नऊ दिवसांनी):

इतक्या आपुलकीने उत्तरं दिलीत, मनापासून आभार. काहींनी विचारलं त्याबद्दल लिहिते.

आग लागली तर बाहेर पडायला खिडकी हवी ना, असं एकाने विचारलं. तशा खिडकीला किमान ०.३३ चौरस मीटर मोकळी जागा लागते, आमची झडप त्याच्या निम्मीही नाही. पण आमची बेडरूम आगीपासून संरक्षित कॉरिडॉरमध्ये उघडते, सुटकेची वाट तीच आहे. झडप फक्त हवेसाठी.

वटवाघळांची आठवण करून दिलीत ते फार बरं झालं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथे वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीला कायद्याचं संरक्षण आहे आणि जुन्या चर्चांमध्ये ती बऱ्याचदा असतात. आमच्या खिडकीच्या कमानीत बाहेरून एक फट दिसते. परांची बांधण्याआधी ती तपासून घेणार आहे.

ज्यांनी "आधी कागद गोळा करा" सांगितलं त्यांचा सल्ला सर्वांत उपयोगी पडला. मी कौन्सिलकडून फ्लॅट केले तेव्हाची फाइल मागवली. त्यात आमच्या बाजूच्या भिंतीचा नकाशा आहे आणि त्यात आमच्या खिडकीत, त्याच जागी, झडप रेखाटलेली आहे. बाजूला हाताने लिहिलंय, "आहे तशी ठेवावी". ते वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. म्हणजे प्लॅस्टिक नंतरचंच, आणि मूळ काय होतं त्याचा पुरावा कौन्सिलच्याच फाइलमध्ये आहे. नवराही आता उघडपणे अर्ज करायला तयार झाला आहे.

आजींनी त्यांच्या झडपेची मापं घेऊ दिली. चौकटीची जाडी, बिजागरीचा आकार, पितळी खुंटी, सगळ्याचे फोटो आणि मोजपट्टीसकट चित्रं काढली आहेत. अर्जाबरोबर पूर्ण खिडकीचा १:२० नकाशा आणि चौकटीचा छेद १:५ प्रमाणात देणार आहे. इमारतीचं महत्त्व सांगणारं निवेदन मीच लिहिते आहे, तीन पानं झाली. रहिवाशांच्या कंपनीची सभाही झाली. खालच्या फ्लॅटवाल्यांची खिडकी तीच असल्यामुळे त्यांनाही सेकंडरी ग्लेझिंग हवं आहे. मग दोघांचा एकच अर्ज करावा असं ठरतंय. अर्ज आला की बाहेर नोटीस लागते, लोकांना २१ दिवस मिळतात, आणि निर्णय साधारण आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. जानेवारीच्या आत झडप बसणं कठीण आहे, म्हणून आईसाठी आत्ता बैठकीच्या खोलीत पलंग टाकतो आहोत आणि बेडरूममध्ये हवेतली ओल ओढणारं मशीन भाड्याने आणलं आहे. पहिल्या रात्रीत दीड लिटर पाणी निघालं.

आता एवढंच राहिलं आहे. अर्जाआधीच्या सल्ल्यासाठी कॉन्झर्व्हेशन ऑफिसर येत्या मंगळवारी साडेदहाला येणार आहेत, अर्ध्या तासाची भेट आहे. दोन गोष्टी त्याआधी कुणी सांगितल्या तर फार मदत होईल. चर्च कमिशनर्सना पत्र आत्ताच पाठवावं, की कौन्सिलची मंजुरी हातात आल्यावर? आणि जुन्या पद्धतीची लोखंडी झडप घडवणारा, शिशाच्या काचकामाची सवय असलेला कारागीर यॉर्कशर किंवा लँकशरमध्ये कुणी स्वतः अनुभवला असेल, तर नाव इथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?